ब्याण्णव किलोची म्हैस

पत्नी गेल्यावर पहिले दहा दिवस आमच्या दारावर माणसं येत होती. खानदेशातली ही रीत सुरतेतही तशीच चालते. येणारा चपला काढतो, भिंतीला टेकून बसतो, थोडा वेळ पंख्याकडे पाहतो आणि विचारतो, "कसं झालं?" मी सांगायचो. साधा ताप, मग हॉस्पिटल, मग अकरा दिवस. ते ऐकून तो त्याच्या साडूच्या तापाचं सांगायचा. मी मराठी शाळेत शिक्षक आहे. एकच धडा तीन तुकड्यांना लागोपाठ शिकवायची सवय आहे. तरीही चौथ्या दिवशी माझं सांगणं मला पाठांतरासारखं ऐकू येऊ लागलं, आणि पाचव्या दिवशी मी एका गृहस्थांना अकराऐवजी बारा दिवस सांगितले. त्यांना काही फरक पडला नाही.

या सगळ्यांत एक माणूस वेगळा होता. तो पांडेसऱ्याच्या एका डाईंग मिलमध्ये कलर मास्तर आहे. त्याच मिलच्या लॅबमध्ये माझ्या पत्नीने एकोणीस वर्षं रंगाच्या शेड जुळवण्याचं काम केलं. हा आडव्या बांध्याचा, जाड मिश्यांचा माणूस रोज संध्याकाळी सहाला यायचा, चपलांच्या रॅकशेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचा आणि काहीही बोलायचा नाही. कसं झालं हे विचारायचा नाही, साडूचं सांगायचा नाही. एकदा मी विचारलं, "चहा घेणार?" त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मान हळू खाली-वर केली आणि घशाच्या तळातून म्हणाला, "हंऽऽ."

त्या दिवशी मी डायरीत लिहिलं: 'शब्द किती अपुरे असतात हे उमगलेला एकच माणूस या दिवसांत भेटला.' ते पान अजून फाडलेलं नाही. पण फाडणार आहे.

एक गोष्ट मात्र खटकायची. फाटकाबाहेर पाऊल पडताच याच माणसाचा आवाज गल्लीभर ऐकू यायचा. "अरे भाई, रिक्षा साइड में ले! घर है, तबेला है?" मी स्वतःची समजूत घालायचो की दुःख सगळ्यांचंच फाटकापर्यंत असतं.

सव्वा महिना झाला आणि एका दुपारी शेजारीण आली. बमरोलीतली आमची रो-हाऊसं एकमेकांना पाठ लावून उभी आहेत. तिच्या ओट्यावर साड्यांचे गठ्ठे असतात आणि ती दिवसभर त्यांना लेस लावत असते. सोबत तिची कॉलेजात जाणारी मुलगी होती. दोघी बसल्या. पंख्याकडे पाहून झालं.

"भाऊ," शेजारीण म्हणाली, "आता त्यांना सोडवा. बघवत नाही."

"कुणाला?"

"कलर मास्तरांना."

"कशातून?"

"म्हशीतून," मुलगी म्हणाली.

इथे मला थोडं मागे जाऊन सांगावं लागेल.

आमच्या घरी दोन वर्षं दर रविवारी दुपारी एक खेळ चालायचा. तो या मुलीने कॉलेजातून आणला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, जंगल, राक्षस, जादू असं सगळं बोलून खेळायचं आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. एकजण खेळ चालवतो. नदी, राक्षस, वाटेत भेटणारे सगळे त्याच्या तोंडून बोलतात. मुलीने हा खेळ माझ्या पत्नीला एकदा समजावला, आणि पुढच्या रविवारपासून पत्नीच तो चालवू लागली. साडीच्या बॉक्सच्या पुठ्ठ्यावर नकाशा आला. मागाच्या रिकाम्या बॉबिन वीर झाल्या. मी कधी खेळलो नाही. मी आतल्या खोलीत वाचत बसायचो आणि साडेचारला चहा टाकायचो. बाहेरून कधी किंचाळी यायची, कधी "मारलं! मारलं!" असा जल्लोष. मी पान उलटायचो.

मुलीने आणलेल्या खेळाच्या मूळ पुस्तकात रूप बदलायच्या जादूचे नियम सैल होते म्हणे. कुणीही काहीही व्हावं, तासाभराने परत यावं. माझ्या पत्नीला हे मान्य नव्हतं. "डाईंगमध्ये असं चालत नाही," ती म्हणाली, आणि तिने लांब वहीत स्वतःचे नियम लिहिले. एकोणीस वर्षं तिने पांढऱ्या कापडाचं रूप बदललं होतं. या विषयात तिला कुणी शिकवू शकत नव्हतं.

पहिला नियम वजनाचा. रूप बदलतं, वजन बदलत नाही. शंभर किलो कापड लाल केलं तर ते शंभर किलो लालच असतं. मुलीला एका किल्ल्यात शिरायला चिमणी व्हायचं होतं. "हो," पत्नी म्हणाली, "पण तू अठ्ठेचाळीस किलोची चिमणी. बस खिडकीवर." ती बसली. खिडकी चौकटीसकट खाली आली आणि सगळे पहारेकरी जागे झाले.

दुसरा, रंगावर रंग नाही. एका जनावरातून थेट दुसऱ्या जनावरात जाता येत नाही, आधी पांढरं व्हावं लागतं, म्हणजे माणूस.

तिसरा नियम शेजारणीमुळे आला. ती एकदा बगळा झाली आणि बगळा असतानाच कुणी कुठून हल्ला करावा हे सगळ्यांना अर्धा तास समजावत राहिली. पत्नीने लिहिलं: 'रूप बदललं की बोलणं बंद. फक्त त्या जनावराचा आवाज. हे पात्राला लागू आणि खेळणाऱ्यालाही, आमच्या उंबऱ्याच्या आत असेपर्यंत.'

चौथा नियम घटीचा. मिलमध्ये जेवढं कोरं कापड जातं तेवढं रंगून परत येत नाही, थोडं आखडतं. माणूसही परत येताना थोडा कमी येतो. काय कमी करायचं ते खेळ चालवणारा ठरवणार. शेजारणीच्या बगळ्याची परत येताना मिठाची चव गेली. तेव्हापासून खेळातल्या प्रत्येक जेवणाला ती नावं ठेवायची.

आणि पाचवा: 'ज्याच्या हातानं चढलं, त्याच्याच हातानं उतरणार.'

तर पत्नी आजारी पडण्याच्या तीन रविवार आधी हे सगळे एका नदीच्या काठी पोचले होते. नदीवर एक म्हातारी राहायची, ती पत्नीच्या तोंडून बोलायची. नदीत मगर होती. कलर मास्तर खेळात योद्धा होता आणि टेबलावर वकील. दर वाक्याला त्याची हरकत असायची. त्या दिवशी तो मध्येच खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "थांबा, थांबा, वहिनी, एक मिनिट, हे जे आत्ता..." मान वर न करता पत्नी म्हणाली, "म्हातारीनं चिमूटभर राख फेकली. तुम्ही म्हैस."

हशा मला आतपर्यंत ऐकू आला होता, कारण मात्र आत्ता कळत होतं. त्याने मिश्यांवरून बोट फिरवून, डोक्यावर दोन मुठी धरून खूप खुणा केल्या म्हणे. मी पुरुषमाणूस, निदान रेडा तरी करा, असं त्याचं म्हणणं होतं.

"रेडा तुमच्या ब्याण्णव किलोत बसत नाही," पत्नी म्हणाली.

"ब्याण्णव किलोत म्हैस पण बसत नाही, काकू," मुलगी म्हणाली. "हे तर पारडू."

पारडू हंबरलं. त्यानंतरचे दोन्ही रविवार ते हंबरतच होतं. मग ताप आला.

"म्हणजे ते इथे दहा दिवस येऊन बसत होते..." मी म्हणालो.

"बोलता येत नव्हतं ना," शेजारीण म्हणाली. "वहिनींचा नियम. मी म्हटलं, अहो, अशा वेळी कोण नियम पाळतं? तर म्हणे, अशा वेळीच पाळायचा. त्यांना तुम्हाला काहीतरी सांगायचंय, भाऊ. वहिनींबद्दल. मी म्हटलं, मला सांगा, मी पोचवते. नाही. रस्त्यावर भेटून सांगा. नाही. जिथं गप्प केलं तिथंच बोलणार म्हणतात."

डायरीतलं वाक्य आठवून माझे कान गरम झाले. पण त्याच्या मागोमाग दुसरंही काही वाटलं. तिच्याबद्दल कुणाला तरी काही सांगायचं आहे. जे मला माहीत नाही असं. सव्वा महिन्यात लोकांनी मला खूप सांगितलं होतं. पण ती कशी प्रेमळ होती, कशी कष्टाळू होती, हे कुणीही कुणाबद्दलही सांगतं. हा माणूस त्याच्या सांगण्यासाठी दहा दिवस मुका बसला होता आणि पुढेही थांबला होता.

"रविवारी या," मी म्हणालो.

रविवारी तिघे आले. कलर मास्तरने उंबऱ्याबाहेर मोबाइलवर कुणाला तरी रंगात मीठ कधी टाकायचं यावरून शेवटचं झापलं, आत पाऊल टाकलं आणि तोंड मिटलं. पुठ्ठा मांडला. त्याच्या बॉबिनला काळा दोरा गुंडाळलेला होता. मी कपाटातून वही काढली. ती मी तोवर उघडली नव्हती. उघडली, पाचवा नियम वाचला, आणि परत मिटली.

"हे शक्य नाही," मी म्हणालो. "हात तिचा होता."

"काका, हात तर म्हातारीचा," मुलगी म्हणाली. "काकू गेल्या. म्हातारी क्यां गई? ती तर नदीवरच बसलीय."

"म्हातारी म्हणजे तीच होती."

"मग हा माणूस जन्मभर म्हैस?" शेजारीण म्हणाली.

"नियम स्पष्ट आहे."

"नियम वहिनींनी केलेत भाऊ, देवानं नाही. थोडं ॲडजस्ट करा!"

"हंऽऽ," कलर मास्तर म्हणाला.

मला ॲडजस्ट करायचं नव्हतं. तिच्या साड्या देऊन झाल्या होत्या. फोन बंद होता. मिलच्या लॅबमध्ये तिच्या टेबलावर दुसरं कुणी बसलं होतं. पण तिने लिहिलेली एक ओळ अजून चालू होती, आणि इतकी चालू की तिच्यामुळे मिश्या असलेला एक मोठा माणूस माझ्यासमोर गप्प बसला होता. ती ओळ मीच सैल करायची? हे मी त्यांना सांगितलं नाही. "नियम म्हणजे नियम," एवढंच म्हणालो, वर्गात म्हणतो तसं.

तेव्हा कलर मास्तर उठला. त्याने दोन्ही हात पोटासमोर गोल गोल फिरवायला सुरुवात केली.

"दळण?" शेजारीण म्हणाली.

त्याने मान हलवली, जोरात फिरवलं, कपाळावरचा घाम पुसला.

"उसाचा रस! भाऊ, त्यांना रस हवाय."

पारडू चिडून हंबरलं.

"मम्मी, जेट मशीन आहे ते! कापड फिरतंय!"

तो जोरजोरात मान डोलावू लागला. मग मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं, मोठी जांभई दिली, खांद्यावर न दिसणारी पिशवी टाकली आणि दाराकडे निघाला. उंबरा न ओलांडता तिथेच वळला आणि वेगळ्याच चालीने, थोडा लंगडत, परत आला.

"हा कोण? तुमचा भाऊ?"

"शिफ्ट बदलली," मुलगी म्हणाली. "दुसरा माणूस आला."

लंगड्या माणसाने भिंतीवरून काहीतरी उचललं, डोळ्यांसमोर धरून ओठ न उघडता वाचलं, आणि पुन्हा हात फिरवायला लागला. मग थांबून त्याने बोट केलं. माझ्या हातातल्या वहीकडे.

हे मात्र मला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. रेसिपी कार्ड. लॅबमध्ये पत्नी ते लिहायची: कोणता रंग किती, मीठ कधी, आच किती, किती मिनिटं. कोपऱ्यात कापडाचा तुकडा टाचलेला. कापडाचा लॉट मशीनमध्ये असतानाच शिफ्ट बदलते. एक माणूस घरी जातो, दुसरा येतो आणि कार्ड वाचून लॉट पुरा करतो. हात बदलला म्हणून कापड मशीनमध्ये भिजत ठेवत नाहीत, ते कुजतं. आणि शेड कुणाची, असं मी तिला एकदा विचारलं होतं. जेवता जेवता ती म्हणाली होती, "जेनी कार्ड लिखं, तेनी. मशीनवालानी कशी व्हई?"

मी वही पुन्हा उघडली. 'नदीवरची म्हातारी' असं एक पान होतं. खाली लिहिलं होतं: 'परत आणताना म्हणायचं.'

"मी फक्त लिहिलंय तेवढं वाचेन," मी म्हणालो. "एक शब्द जास्त नाही."

तिघांनी माना डोलावल्या. मी चष्मा पुसला आणि वाचलं, "ऊठ रे भो. मानूस व्हय. पोटमा काय से ते बोली टाक."

 मग मुलगी खाली बघून हसायला लागली.

"भाऊ," शेजारीण म्हणाली, "तुम्ही तर बातम्या देताय. म्हातारी आहे ती. आपली म्हातारी."

अहिराणी माझीही घरची बोली, पण शाळेने ती माझ्या तोंडातून काढली, आणि नंतर मी स्वतःच शाळा झालो. सत्तावीस वर्षं पत्नी माझ्याशी अहिराणीत बोलली आणि मी तिला पुस्तकी मराठीत उत्तरं दिली. दोघांचं अडलं कधीच नाही. शेजारणीने मला ते वाक्य तीनदा म्हणायला लावलं. 'पोटमा' वर जोर, 'बोली टाक' झटकून. तिसऱ्यांदा मला वाचावं लागलं नाही.

"आता घट," मुलगी म्हणाली. "काय कमी करायचं?"

"बोलणं निम्मं," शेजारीण ताबडतोब म्हणाली.

"मिश्या!"

कलर मास्तर दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहत होता. पन्नाशीचा माणूस, मिलमध्ये ज्याच्या आवाजाला चाळीसजण दबतात, तो मी त्याचं काय काढून घेतो याची खरोखर काळजी करत होता. निकालाच्या दिवशी मुलं बसतात तसा. मी विचार केला. हा माणूस बोलतो म्हणजे काय करतो, तर सल्ला देतो. नळ कुठला घ्यावा, मुलीला कुठल्या कॉलेजात घालावं, आंबे कधी आणावेत.

"सल्ला," मी म्हणालो. "परत आल्यावर याला कुणालाही सल्ला देता येणार नाही."

शेजारणीने टाळी वाजवली. मुलीने बॉबिनवरचा काळा दोरा उलगडला. कलर मास्तरने घसा खाकरला. आमच्या घरात इतक्या दिवसांनी आलेला त्याचा आवाज त्याचा त्यालाच मोठा वाटला असावा, कारण तो दचकला.

"सर, तुमचा हा पंखा आवाज करतोय, तुम्ही त्याचं बेअरिंग..."

"सल्ला!" दोघी ओरडल्या.

तो थांबला. पुन्हा घसा खाकरला. आणि म्हणाला, "सर, वहिनी फासा खोटा सांगायच्या."

मला आधी कळलंच नाही.

"तुम्ही आत असायचात. त्या वही अशी उभी धरायच्या आणि तिच्याआड फासा टाकायच्या. मी त्यांच्या बाजूला बसायचो, भिंतीकडून. मला दिसायचं. त्या दिवशी मगरीचा फासा होता. मगर या ताईंच्या पायाशी आली होती. पडले वीस. वीस म्हणजे ताई संपल्या. वहिनींनी फासा बघितला, ताईंकडे बघितलं आणि सरळ म्हणाल्या, चार. मी म्हटलं थांबा, एक मिनिट... आणि मी म्हैस."

"म्हणजे मी मेले होते?" शेजारीण म्हणाली.

"त्या दिवशी धरून तीनदा. मी पाहिलेलं तीनदा."

"बगळा होते तेव्हा?"

"तेव्हा तर पहिल्याच फाशात."

"आणि मी?" मुलगी म्हणाली.

"तू दोनदा. खिडकीखाली एकदा."

"काकू चीटिंग करायच्या?" ती म्हणाली. कौतुक की धक्का, ते तिच्या चेहऱ्यावरून कळेना. शेजारीण मात्र खरंच भडकली होती. "दोन वर्षं मी मिठाशिवाय जेवतेय," ती म्हणाली, "आणि मी जिवंतच नव्हते!"

मी हसत होतो. कधी सुरू झालं कळलं नाही. लॅबमध्ये एका छटेच्या फरकासाठी पुरा लॉट परत पाठवणारी बाई. भाजीत हिंग किती यावर वाद घालणारी. तिने वजनाच्या बाबतीत चिमणीलाही सूट दिली नाही, आणि वहीआड बसून आकडे बदलत होती. आणि हे पाहणाऱ्याचं तोंड तिने तिच्याच नियमाने बंद केलं होतं. मी आत पान उलटत होतो तेव्हा.

"रोज येऊन बसायचो," कलर मास्तर म्हणाला. "वाटायचं, हे तुम्हाला कळायला पाहिजे. कारण सर, तुम्ही आता काय करायला पाहिजे..." तो थबकला. "हा सल्ला होतो का?"

"होतो."

"मग राहू द्या."

"राहू दे कसं?" शेजारीण म्हणाली. "माझं काय ते ठरवा. भाऊ, वही तुमच्याकडे. मी मेलेली की जिवंत?"

मी वही चाळली. नियम काटेकोर होते, पण याबद्दल एकही नव्हता. पेन घेतलं आणि पाचव्या नियमाखाली लिहिलं: 'मागचे फासे पुन्हा काढायचे नाहीत. जे टेबलाशी आहेत ते जिवंत.' माझं अक्षर फळ्यावरच्यासारखं मोठं आलं, तिच्या दोन ओळी माझ्या एका ओळीत मावल्या असत्या.

शेजारणीने वही ओढून घेतली, चष्मा लावून वाचली. "माझं नाव घाला."

मी घातलं.

"माझं पण," मुलगी म्हणाली.

"माझंही," कलर मास्तर म्हणाला, "आणि पुढे कंसात माणूस लिहा."

तेही लिहिलं. मग सगळे पुठ्ठ्याकडे वळले. तीन बॉबिन नदीच्या अलीकडेच उभ्या होत्या आणि मगर कुठे गेलेली नव्हती. तिचा फासा टाकायचा होता, आणि तो आता मला टाकायचा होता. मी पत्नीच्या खुर्चीत बसलो आणि समोर वही उभी धरली.

भिंतीकडून कलर मास्तर मला स्पष्ट दिसत होता. वहीआडचा माझा फासाही त्याला दिसत असणार. त्याने थोडा वेळ माझ्या हाताकडे पाहिलं. मग खुर्ची उचलली आणि टेबलाच्या पलीकडे, शेजारणीजवळ नेऊन ठेवली.